पोतंभर पानगळ

आमच्या घरात अर्धवट पिकलेल्या आंब्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. पुण्यात असताना बाबा हापूसची पेटी आणत आणि पलंगाखाली पेंढ्यात अढी घालून ठेवत. मग रोज संध्याकाळी कंपनीतून आल्यावर, बूट काढायच्याही आधी, गुडघे टेकून पलंगाखाली डोकं घालत, एकेक आंबा उचलून देठाशी नाक नेत, आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात जाहीर करत, "अजून नाही. परवा बघू." घरभर घमघमाट, मी आणि आई आवंढे गिळत बसलेल्या, आणि बाबांचं परवा. शेवटी त्यांच्या मते आंबा तयार झाला की तळाचे चार-पाच हटकून उतरलेले निघत. आई त्यांचा चांगला भाग कापून काढायची आणि आटवायला ठेवायची. बाबांची दुसरी सवय याच्या बरोबर उलटी. वाट बघून झाली आणि एकदा आणायला निघाले, की मग हाताला धरबंध नाही. कोथिंबीर संपली म्हणावं तर मंडईतून भाराच यायचा. "यांना जुडी सांगावी, हे पोतं आणतात," असं आई आल्यागेल्याला सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा की ऐकणाऱ्याला ही तक्रार आहे की कौतुक ते कळू नये. या दोन्ही सवयी लक्षात असू द्या. पुढे लागतील.

मी दहावी झाले आणि आम्ही ऑकलंडला आलो. बाबांना पेनरोजमधल्या एका पॅकेजिंगच्या कारखान्यात मशीनं चालू ठेवायचं काम मिळालं होतं, आणि घर मिळालं फ्लॅट बुशला. तेव्हा फ्लॅट बुश नुकतं कुठे वसत होतं. आमच्या रस्त्यावर एका बाजूला नवी कोरी घरं आणि दुसऱ्या बाजूला तारेच्या कुंपणापलीकडे मेंढ्या. सकाळी उठून खिडकी उघडली की मेंढ्या आमच्याकडे बघत आणि आम्ही मेंढ्यांकडे, आणि दोन्ही पक्षांना एकमेकांबद्दल काही फारसं समजत नसे. आईला सगळ्यात जास्त त्रास शांततेचा झाला. पुण्यात कुकरच्या शिट्ट्या सुद्धा शेजारच्यांच्या मोजाव्या लागत. इथे दिवसभरात ऐकू यायचा तो फ्रिज, शेजाऱ्याच्या गॅरेजचं दार, आणि मागच्या लाकडी डेकवर उघडणाऱ्या मोठ्या सरकत्या काचेवर थापा मारणारा वारा. मी कोपऱ्यावरच्या डेअरीत संध्याकाळची नोकरी धरली. दुधापासून मेणबत्तीपर्यंत सगळं मिळणाऱ्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात, हे आईला पटायला वर्ष लागलं. मी महिन्याभरात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटकावत, "स्वीट अ‍ॅज" म्हणत हिंडायला लागले. बोलण्याचा हेल इतका पटकन बदलला की पुण्याहून फोन आला की आत्या विचारायची, "सर्दी झालीय का गं तुला?" आई मात्र साडीवर पांढरे स्पोर्ट्स शूज घालून सुपरमार्केटात जायची आणि मी तिच्यापासून दोन शेल्फं लांब चालायचे. पंधरा-सोळा वर्षांच्या माणसाला लाज फार असते आणि अक्कल त्या मानाने कमी. माझ्या लेकीकडे बघून आता मला याची रोज खात्री पटते.

पहिला पाडवा आला तेव्हा आई रडली. गुढी उभारायला कडुलिंब मिळाला नाही म्हणून नाही. त्याची तिने तयारी ठेवली होती. ती रडली, कारण चैत्र लागला आणि समोरच्या झाडाची पानं गळत होती. "चैत्रात पानगळ!" ती म्हणाली. "असं कधी बघितलं होतं का? वर्ष सुरू व्हायच्या आतच संपायला लागलं." बाबांनी तिला पृथ्वीचा कललेला आस, दक्षिण गोलार्ध वगैरे सगळं भिंतीवरच्या घड्याळाच्या आणि एका मोसंब्याच्या साहाय्याने समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मोसंबं सोलून आम्हाला दिलं, आणि पुन्हा डोळे पुसले.

तेव्हा बाबांना कारखान्यातल्या कुणीतरी डोंगरावरच्या देवळाबद्दल सांगितलं. शहर संपून हिरव्या टेकड्या सुरू होतात तिथे, एका उंच डोंगरावर, तैवानहून आलेल्या भिक्षुणींनी छोटं बुद्धाचं देऊळ बांधलं होतं, आणि वरपर्यंत जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी मेपल लावले होते. चैत्र संपता संपता ती सगळी झाडं लाल होतात म्हणे. आईची चैत्रगौर बसलेली होती. तिचं हळदीकुंकू करायला बायका कुठून आणायच्या, आणि डाळीला कैरी कुठून आणायची, हे दोन्ही प्रश्न होतेच. कैरीचा प्रश्न शेजाऱ्यांनी सोडवला. इथे त्या दिवसांत प्रत्येकाच्या परसात फिजोआ या पेरूसारख्या हिरव्या, आंबटगोड फळांचा खच पडतो आणि लोक खोक्यात भरून फाटकाशी ठेवून देतात, घेऊन जा म्हणून. आईने एक चाखला, डोळे बारीक केले, आणि त्यातले कच्चे निवडून किसून भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीत घातले. वरून मोहरी-हिंगाची फोडणी. पन्हं पण त्याचंच. चव पन्ह्यासारखी होती असं मी म्हणणार नाही, पण पन्ह्याच्या मावसबहिणीसारखी नक्की होती.

डाळीचा डबा आणि पन्ह्याचा थर्मास घेऊन आम्ही गेलो. डोंगराच्या शेवटच्या वळणावर बाबांनी गाडी बाजूला घेतली, कारण तिथून वाट पूर्ण दिसते. दोन्हीकडची झाडं तांबड्या उजेडासारखी पेटलेली. माझ्या वर्गातल्या मुली असल्या पानांना सॅड म्हणायच्या, त्यामुळे मी चेहरा तसा करून ठेवला होता. आई मात्र खाली उतरली, एका फांदीजवळ गेली, पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि हसली. "अहो," ती म्हणाली, "ही पालवी आहे."

"पालवी नाही गं, मरायच्या आधीचा रंग आहे तो. क्लोरोफिल..."

"तुमचं मोसंबं राहू दे. पिंपळाचं नवं पान कसल्या रंगाचं असतं? आंब्याचं? तांबडंच ना? हिरवं मग होतं ते." तिने पान गालाला लावलं. "चैत्रातलं पान तांबडं. मला एवढं पुरे."

बाबांनी पुढे काही युक्तिवाद केला नाही. त्यांच्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही. गाडीचं मागचं दार वर करून तिथेच बसून आम्ही डाळ खाल्ली. वर देवळात अंगण झाडणारी एक भिक्षुणी होती, आईच्याच वयाची, डोक्याचा गोटा, पायात गमबूट. आईने तिला हळदीकुंकू लावायला बोट पुढे केलं. मी मान खाली घातली, धरणी दुभंगेल तर बरं म्हणून. पण तिने कपाळ पुढे केलं आणि मग आईच्या हातातली डाळ खाऊन विचारलं, "फिजोआ?" तेव्हापासून ती आमची देवळातली ताई झाली आणि दर चैत्रात डोंगरावर जाणं हा आमच्या घरचा सण झाला. कोकणस्थ घरात नवा सण सुरू होणं किती अवघड असतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

नंतरच्या एका वर्षी, उन्हाळा संपता संपता, आईच्या पोटात दुखायला लागलं, आणि पाडव्यापर्यंत डॉक्टरांनी सांगून टाकलं की आता फक्त दुखू नये एवढंच बघायचं. आमच्या घरात त्या आजाराचं नाव कुणी घेत नसे. बाबा "ते" म्हणत, आई "हे" म्हणायची. तिचा पलंग बैठकीच्या खोलीत सरकत्या काचेजवळ आणला. मेरे नावाची एक माओरी नर्स आठवड्यातून तीनदा यायची. दारातूनच "किओरा, सुधा!" म्हणून मोठ्याने हाक मारायची आणि आईही पलंगावरून "किओरा गं" म्हणायची. दोघींची इंग्रजी वेगवेगळ्या गावांची, तरी हसणं जमायचं. आईने एकदाच एक मागणं मागितलं. डोंगरावर जाऊन यायचं. मेरे म्हणाली, एक फेरी झेपेल. औषधाची वेळ साधून, गाडीत उशा लावून, एकच. पण फार थांबू नका हं.

एकच, हे ऐकल्यावर बाबांनी अढी घातली.

एकच फेरी म्हणजे ती नेमकी त्या दिवशी व्हायला हवी. सगळी झाडं एकदम लाल, एकही हिरवं नाही, आणि एकही गळलेलं नाही. असा दिवस वर्षातून एखादाच असतो, असं त्यांचं म्हणणं. आणि त्या वर्षी थंडी पडतच नव्हती. बाबा पहाटे कामावर जायच्या आधी उलट्या दिशेला गाडी काढून डोंगरावर जात, झाडांची पाहणी करत, आणि एक पान तोडून आणत. ते फ्रिजवर चुंबकाखाली लावत. हिरवं. मग कडेला जरा पिवळं. मग टोकाशी लाली. आईला पलंगावरून फ्रिज दिसायचा.

"आज जायचं का हो?"

"आज नको. हे बघ, देठाकडे अजून कच्चं आहे. दोन रात्री थंडी पडली की झालं."

"थोडं कच्चं चालेल मला."

"तुला एकदाच जायचंय ना? मग अर्धवट कशाला? रविवारपर्यंत थांब."

रविवारी ती म्हणाली, "बरं वाटतंय आज. डाळ भिजवायला सांगू का मिनूला?"

बाबा कामाचे बूट घालून उभे होते. त्यांनी हातातलं पान तिच्या समोर धरलं. अर्धं लाल होतं. मी म्हटलं, "बाबा, सुंदर आहे की. जाऊ या ना." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जशा नजरेने मला आंब्याच्या पेटीत हात घालताना पकडल्यावर पाहायचे. "अजून चार दिवस," ते म्हणाले. "मग बघ. सुधा, मग तू बघशील."

आईने पान हातात घेतलं, गालाला लावलं, आणि म्हणाली, "बरं."

त्या आठवड्यात थंडी पडली. दोन रात्री, बाबांना हवी होती तशी. बुधवारी ते जे पान घेऊन आले ते काठापासून देठापर्यंत लाल होतं. त्यांनी ते फ्रिजवर लावलं नाही, सरळ आईच्या उशीवर ठेवलं. "उद्या," ते म्हणाले. मी संध्याकाळी डाळ भिजत घातली. मेरेने औषधाच्या वेळा बदलून दिल्या. आईने कपाटातली जांभळी साडी काढून पलंगाच्या कठड्यावर टाकायला लावली, आणि मला म्हणाली, "माझे पांढरे शूज कुठायत? ते घालणार मी." मी ते स्वच्छ पुसून ठेवले.

रात्री वारा सुटला. या देशात वारा हा काही बातमी नाही, पण त्या रात्री सरकती काच चौकटीत थडथडत होती आणि बाहेर कुणाचा तरी प्लास्टिकचा कचऱ्याचा डबा रस्ताभर गडगडत होता. सकाळी आई जागी होती, पण तिला उठून बसता येईना. मेरे आली, तिने आईचा हात बराच वेळ धरला, आणि स्वयंपाकघरात येऊन बाबांना हळू आवाजात सांगितलं की आता गाडी नको. ओट्यावर भिजलेली डाळ होती. बाबांनी किल्ली उचलली आणि गाडी काढून निघून गेले.

दुपारी आले. स्टेशन वॅगनच्या मागच्या सीटा पाडलेल्या, आणि छतापर्यंत काळी प्लास्टिकची पोती. कारखान्यातली, जाड, मशीनच्या कातरणाला वापरतात ती. बाबांचा शर्ट चिंब, हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले. त्यांनी काच उघडली, आईचा पलंग दाराशी ओढला आणि डेकवर एकेक पोतं उलटं केलं. वाऱ्याने डोंगरावरची सगळी झाडं एका रात्रीत बोडकी केली होती. पानं भिजून एकमेकांना चिकटलेली, काही काळवंडलेली, त्यांत काटक्या, उदबत्तीच्या जळक्या काड्या, एक आइस्क्रीमचा कागद. बाबा खाली बसून त्यातली कोरडी, नीट लाल पानं वर काढून पसरत होते, आंबे रचावे तशी, देठ एका बाजूला. "देवळातल्या ताईंनी झाडून गोळा करायला मदत केली," ते म्हणाले. "वरची बघ, सुधा. वरची चांगली आहेत. खालची बघू नकोस."

आई बघत राहिली. मग तिच्या घशातून एक आवाज आला आणि मला भीती वाटली, पण ती हसत होती. "अहो," ती म्हणाली, "तुम्हाला जुडी सांगावी, तुम्ही पोतं आणता."

बाबाही हसले. हसता हसता एकदम उठले आणि हात धुवायला गॅरेजमधल्या नळाकडे गेले. तो नळ बराच वेळ वाहत राहिला.

तेव्हा आईने मला जवळ बोलावलं. तिच्या मांडीवर मी ठेवलेलं एक पान होतं. "मिनू," ती म्हणाली, "पानं कुणाला बघायची होती गं? मला त्या वळणावर, गाडीचं दार वर करून, तुम्हा दोघांबरोबर डाळ खायची होती. सगळं हिरवं असतं तरी चाललं असतं." दम घ्यायला ती थांबली. नळ चालूच होता. "त्यांना सांगू नकोस हं. त्यांनी केवढी आणलीत बघ."

मी डाळ वाटली. फोडणी दिली. चमच्याच्या टोकाएवढी तिने जिभेवर घेतली आणि म्हणाली, "हिंग जास्त झालाय." तिने माझ्या स्वयंपाकाबद्दल काढलेले हे शेवटचे उद्गार, आणि प्रामाणिकपणे सांगते, हिंग अजूनही जास्तच पडतो.

अक्षय्यतृतीयेच्या आत ती गेली. तिला जांभळी साडी नेसवली आणि पायात पांढरे शूज घातले. साडीवर ते शूज बघून या वेळी मी लांब उभी राहिले नाही. देवळातली ताई आली होती. अंत्यविधीच्या हॉलच्या दाराशी बाबांनी तिला वाकून नमस्कार केला आणि तिने त्यांना, आणि दोघंही बराच वेळ वाकलेलेच राहिले. घरी आल्यावर डेकवरची पानं तशीच होती. शेजारी लीफ ब्लोअर घेऊन आला, मदत करू का म्हणून; बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. हिवाळाभर पानं तिथेच कुजत राहिली. पाऊस आला की काच बंद असूनही ओल्या मातीसारखा वास घरभर यायचा. पुढे कधी तरी बाबांनीच ती फावड्याने उचलून परसातल्या फिजोआच्या मुळाशी घातली. काढल्यावर डेकच्या फळ्यांवर पानांचे ठसे उरले होते, तपकिरी, पंजासारखे. बाबांनी त्या फळ्या पुन्हा कधी रंगवल्या नाहीत.

मी आता ऑकलंडमध्येच टाकानिनीला राहते आणि बाबा माझ्याकडे असतात. पंच्याहत्तरी उलटली, गाडी सोडली, पण अढी सुटलेली नाही. दुकानातून आंबा आणला की देठाशी नाक नेतात आणि म्हणतात, परवा. मी त्यांच्या समोरच तो कापते. आणि दर चैत्रात, पाडवा झाला की पहिल्याच मोकळ्या रविवारी, त्यांना गाडीत घालून डोंगरावर नेते. झाडं बहुतेक हिरवीगार असतात. माझी लेक मागच्या सीटवरून म्हणते, "आजोबा, दे आर टोटली ग्रीन," आणि बाबा म्हणतात, "तेच म्हणतोय मी तुझ्या आईला! अजून तीन आठवडे थांबायला हवं होतं. ऐकते का?" मी ऐकत नाही. वळणावर गाडी थांबवते, मागचं दार वर करते, डाळीचा डबा उघडते. ते पहिला घास घेतात, समोरच्या हिरव्या वाटेकडे बघत बसतात, आणि दर वर्षी तोच प्रश्न विचारतात, जणू पहिल्यांदाच सुचलाय.

"मिनू, तिला आवडली होती ना गं पानं?"

"खूप," मी म्हणते. "किती हसली होती, आठवतंय ना?"

"हसली होती," ते म्हणतात, आणि डब्यातली डाळ संपवतात.

हे लिखाण सुरू केल्यापासून प्रत्येक प्रकरण मी त्यांना संध्याकाळच्या चहाबरोबर मोठ्याने वाचून दाखवते. त्यांचे डोळे आता बारीक अक्षराला दाद देत नाहीत, आणि चुका काढायचा उत्साह मात्र शाबूत आहे. हेही वाचून दाखवीन. आंबे येतील, मोसंबं येईल, पोती येतील. पोत्यांपाशी ते नक्की हसतील आणि म्हणतील की एवढी नव्हती, तू वाढवून सांगतेस. नळ वाहत होता तिथे आले की मी सहज पान उलटल्यासारखं करून थेट डाळ वाटायला घेईन. तुम्हाला कधी ते भेटलेच, तर तुम्हीही मधलं तेवढं गाळा.